उजव्या पायापाशी

त्या वर्षी चिठ्ठीत आमच्या घराला लातूरचा पाहुणा निघाला. नांदेडला दर हिवाळ्यात हॉकीचे मोठे सामने भरत. पंजाब, हैदराबादकडचे बडे संघ धर्मशाळेत उतरत आणि त्यांची बडदास्त मोठी माणसं ठेवत. पण त्याआधी आठवडाभर आसपासच्या गावांच्या संघांचे सामने असत. त्या पोरांना झोपायला शाळेच्या खोल्यांतल्या सतरंज्या आणि जेवायला आमच्यासारख्यांची घरं. गल्लीतल्या हॉकीवेड्या घरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून तांब्यात टाकायची आणि प्रत्येक खेळाडूनं एकेक चिठ्ठी उचलायची. ज्या घराची चिठ्ठी निघेल तिथं त्यानं, त्याचा संघ गावी परतेपर्यंत, दोन्ही वेळ जेवायचं. ह्यात एकच कायदा होता. सामना कुणीही जिंको, कुणीही हरो, त्या संध्याकाळचं ताट चुकवायचं नाही. पाहुण्यानंही नाही आणि घरच्यांनीही नाही. माझा भाऊ नांदेडच्या संघाचा गोली होता, तरी आमच्या घराची चिठ्ठी तांब्यात पडायचीच. गल्लीतल्या कुणी कुरकुर केली की आमचे अण्णा म्हणायचे, "मैदानातलं मैदानात ठिवा. उंबऱ्याच्या आत आला की त्यो आपला पाहुणा हाय."

अण्णा कोर्टात कारकून. मूळचे लोह्याजवळच्या खेड्यातले. तिथली जमीन चुलते कसायचे आणि आम्ही नांदेडला दोन खोल्या आणि एक अंगण ह्यांत मावायचो. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज यायचा, त्यापाठोपाठ आईच्या भाकरी थापण्याचा, आणि मग अंगणात ठक्क, ठक्क. हा तिसरा आवाज आमचा. न्हाणीघराच्या भिंतीपासून तुळशीपर्यंतची जागा म्हणजे गोल. तिथं दादा उभा राहायचा आणि मी त्याच्यावर चेंडू मारायची. दादा म्हणजे दिगंबर, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याचे हात इतके चपळ की मांजराच्या तोंडातली चिमणी काढून घेईल, असं आई म्हणायची. आईला हे कौतुक वाटायचं की तक्रार ते तिलाच ठाऊक, कारण न्हाणीघराच्या भिंतीचा गिलावा आम्ही पार उडवला होता. पैज असायची दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीची. चेंडू अडला तर खरवड दादाची, आत गेला तर माझी.

आणि खरवड बहुतेक वेळा मीच खायची. ह्याचं कारण जगात एकट्या मला माहीत होतं. चेंडू मारण्यासाठी मी स्टिक मागे नेली की दादाचा डावा खांदा बोटभर खाली जायचा. डाव्या हाताचा त्याला मोठा भरवसा, म्हणून अंग आपोआप तिकडे झुकायचं. तेवढ्या क्षणात अंगाचा सगळा तोल डावीकडे जायचा आणि उजवा पाय चेंडूआड आणायला त्याला अर्धा श्वास उशीर लागायचा. उजव्या पायापाशी, जमिनीलगत, सरळ चेंडू सोडला की तो आत. सामन्याच्या धावपळीत हे कुणाला दिसायचं नाही, कारण तिथं तो सतत हलत असायचा. फक्त पेनल्टी स्ट्रोकला असतो तसा समोर एकच माणूस आणि एकच चेंडू असला, तो स्थिर उभा राहिला, तरच दिसायचं. मी हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं दुरुस्त केलं असतं आणि माझी खरवड गेली असती. चौदा वर्षांच्या पोरीच्या मनात ह्याहून मोठं पाप नव्हतं, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. पण पाप लहान असलं म्हणून ते लहानच राहतं असं नाही, एवढं मला पुढं कळलं.

हॉकीचं वेड मला दादाइतकंच होतं. फरक एवढाच की त्याच्या वेडाला संघ मिळाला आणि माझ्या वेडाला वही. त्या वहीत मी प्रत्येक सामना लिहायची. कोण कुठून घुसला, पेनल्टी कॉर्नर कुणी घेतला, कोण दमला की उगाच पंचांशी हुज्जत घालतो, सगळं. मैदानावर मी अण्णांच्या शेजारी चुन्याच्या रेघेला लागून बसायची. आजूबाजूची माणसं सामन्यावर तावातावानं बोलायची. मी मधे काही बोलले तर अण्णांच्या ओळखीचे एखादे वकीलसाहेब हसून म्हणायचे, "बेबीला बी कळतं का हो?" आणि माझं वाक्य हवेतच राहायचं. मला कळायचं. त्यांच्याहून जास्त कळायचं. पण ऐकणारं कुणी नव्हतं, आणि हे मला आतून फार टोचायचं.

दादाचं त्या वर्षी सगळंच पणाला लागलेलं होतं. बारावीला दोनदा आपटून झालं होतं. अण्णांनी एके दिवशी त्याला समोर बसवून सांगितलं, "यंदाचे सामने खेळ. काही झालं तर तुझं नशीब. न्हाई झालं तर गावाकडं काकाच्या हाताखाली जायचं. मग स्टिकचं नाव काढायचं न्हाई." दादानं "हाव" म्हणत मान डोलावली. त्याला भरवसा होता, कारण एका सरकारी खात्याचे साहेब आपल्या खात्याचा संघ उभा करून राहिले होते आणि आमच्या ह्या सामन्यांत अंतिम फेरीला जे दोन संघ पोचतील त्यांतून पोरं नोकरीवर घेणार होते. दादाला शिकवणारे सरदारजी, ज्यांचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं आणि ज्यांना सगळं नांदेड उस्ताद म्हणायचं, त्यांनी घरी येऊन अण्णांना सांगितलं होतं, "बाबूजी, फायनल तक पोचू द्या फक्त. गोली तर मी देतो त्यांना, असा गोली त्यांना मिळणार नाही." उस्ताद गेल्यावर आईनं देवापुढं साखर ठेवली आणि दादानं ती लगेच खाऊन टाकली.

आणि मग आला बालाजी. अहमदपूरचा, लातूरच्या संघाचा फॉरवर्ड. काळा, काटकुळा, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण. पहिल्या दिवशी तो मान वर करून एक शब्द बोलला असेल तर शपथ. आईनं येसराची आमटी वाढली तेव्हा मात्र त्यानं वाटी तोंडाला लावली आणि म्हणाला, "मावशी, आमच्या मायच्या हातची अशीच असती." झालं. आई विरघळली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, दुपारी अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी धपाटे आणि दही. दादा हसून म्हणायचा, "आई, पोटच्या पोराला इतकं कधी वाढली न्हाईस," आणि आई म्हणायची, "तुझं पोट कुटं पळून चाललं?" दोघं शेजारी शेजारी बसून जेवायचे. त्यांचे संघ वेगवेगळ्या गटांत होते आणि लातूरचा संघ दोन सामन्यांत घरी जाणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. बालाजीनंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा उस्तादांकडे गेलेला आणि अण्णा कोर्टात. बालाजी एकटाच जेवायला आला. आई चुलीपाशी धपाटे थापत होती, मी वाढत होते. वाढता वाढता माझी वही पाटाशेजारी पडलेली त्याला दिसली. त्यानं विचारलं, "हे कुणी लिवलं?" मी म्हणाले, मी. त्यानं हात धुऊन वही उघडली आणि एकेक पान वाचायला लागला. हसला नाही. "आमचा लेफ्ट हाफ दमल्यावर हुज्जत घालतो हे तुम्हाला कसं दिसलं, ताई? आमच्या मास्तराला बी दिसलं न्हाई." मला ताई म्हणाला, आणि अहोजाहो केलं. मला काय झालं ते आज साठी उलटून गेल्यावरही नीट सांगता येत नाही. कुणीतरी ऐकत होतं. मी बोलत सुटले. हिंगोलीचा संघ, परभणीचा संघ, आमचा संघ, कोण कुठं कच्चा. त्यानं दादाबद्दल काही विचारलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. विचारलं असतं तर मी सावध झाले असते. मीच म्हणाले, "आणि दादा. सगळे म्हणतात त्याच्यावर गोल होत न्हाई. मी रोज करते." त्यानं विचारलं, "कसा?" आणि मी उठले, उलथनं हातात घेतलं, अंगणात उभी राहिले आणि डावा खांदा खाली टाकून दाखवला. "स्ट्रोकच्या टायमाला असं करतो. मग उजव्या पायापाशी सोडायचा. सपाट." आई आतून ओरडली, "उलथनं आण इकडं, धपाटं करपून राहिलं." बालाजी हसला आणि जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी लातूरनं हिंगोलीला हरवलं. त्या संध्याकाळी गल्लीत खबर आली की उपांत्य सामना नांदेड विरुद्ध लातूर. मी अंगणात तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले. सामन्याला मधे एक अख्खा दिवस होता. तो दिवस मला तासातासानं आठवतो. सकाळी दादा अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "ये सुमे, दहा स्ट्रोक टाक." मी सगळे त्याच्या डावीकडे मारले. त्यानं सगळे अडवले. "आज काय झालं तुला?" तो म्हणाला. तेव्हा सांगता आलं असतं. दुपारी तो खाटेवर पडून पॅडचे पट्टे शिवत होता, तेव्हा सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागलं असतं की इतकी वर्षं मला माहीत होतं, आणि मग हे की मी ते पाहुण्याला सांगितलं. मी मनाशी हिशेब केला की सामना स्ट्रोकपर्यंत जाणारच नाही. आमचा संघ भारी, तीन गोलांनी जिंकणार. आणि बालाजी त्या दिवशी जेवताना माझ्याकडे एकदाही बघत नव्हता, तेही मला कळत होतं.

सामन्याच्या दिवशी आईनं सकाळीच हरभऱ्याची डाळ शिजत घातली. पुरण. कोणीही जिंको, गोडच करायचं, असं ती म्हणाली, पण तिच्या मनात काय होतं ते चुलीलासुद्धा ठाऊक होतं. मैदानावर उभं राहायला जागा नव्हती. लाऊडस्पीकरवरचा माणूस मराठीत सुरू करायचा, हिंदीतून उर्दूत जायचा आणि उत्साह वाढला की कशातच नसायचा. खात्याचे साहेब मंडपात पुढच्या खुर्चीवर. पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल केला. अण्णांनी माझा हात धरला आणि तो सामनाभर सोडलाच नाही. दादा त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नाही. दोनदा तो अंग टाकून जमिनीवर लोळला आणि चेंडू बाहेर ढकलला. उस्ताद रेघेवरून फक्त "शाबास, शाबास" म्हणत होते. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना गर्दीतून बालाजी घुसला, चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून उडाला आणि गोल झाला. एक-एक. जादा वेळ झाला, काही घडलं नाही. मग लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, पेनल्टी स्ट्रोक. पाच-पाच.

मी अण्णांना म्हणाले, मला घरी जायचंय. ते म्हणाले, "गप बस." आमच्या पाचांतले चार आत गेले, एक त्यांच्या गोलीनं अडवला. लातूरचा पहिला खेळाडू पुढं आला. स्टिक मागे गेली. पन्नास पावलांवरून मला दादाचा डावा खांदा खाली गेलेला दिसला, आणि चेंडू उजव्या पायापाशी, सपाट, आत. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. दरवेळी फळीवर तो ठक्क आवाज. मी ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडणार होते मी? चौथ्या वेळी दादानं मनाशी ठरवलं असावं, तो आधीच उजवीकडे गेला, आणि लातूरच्यानं चेंडू डावीकडे उचलला, जिथं दादा एरवी डोळे मिटून अडवायचा. पाचवा बालाजी. आता दादा पुरता गोंधळला होता. गोंधळलेलं अंग जुन्या सवयीला जातं. बालाजीनं चेंडूमागे उभं राहून एकदा खाली बघितलं, बराच वेळ. मला वाटलं हा बाहेर मारेल. मी मनातून त्याला विनवलं, बाहेर मार, तुला माझ्या आईच्या हातच्या आमटीची शपथ. दादाचा खांदा खाली गेला. ठक्क.

हरलेल्या मैदानाचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगता येत नाही. हजारो माणसं आणि फक्त चपलांची खसखस. आजही टीव्हीवर आपल्या देशाचा सामना शूटआउटला गेला की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि नळ मोठा सोडते. नात म्हणते, आजी, तू कसली फॅन, शेवटचं बघतच नाहीस. मी म्हणते, मी बघितलंय. त्या दिवशी मैदानातून बाहेर पडताना आमच्या पुढं चाललेला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "पाचही जणांना मालूम होतं की कुटं मारायचं. त्या लातूरवाल्याचं जेवण कुणाच्या घरी होतं माहिताय ना? गोलीच्याच." दुसरा म्हणाला, "पोटातून ओठात आलं असंल." अण्णांनी ऐकलं. त्यांनी माझा हात सोडला आणि खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसायला लागले. मीही ऐकलं. दादाच्या इमानावर बोट उठलं होतं आणि ते खाली आणणारं एकच माणूस त्या गर्दीत होतं. ते माणूस मान खाली घालून चालत राहिलं.

दिवेलागणीला बालाजी आला. मला वाटलं होतं येणार नाही. तो दारात उभा राहिला, आत येईना. त्याला कायदा मोडायचा नव्हता आणि पाळवतही नव्हता. अण्णा म्हणाले, "या. ताट मांडलंय." आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं ते घरच्या मुलानं. दादा खाटेवरून उठला. त्याच्या गुडघ्यांना अजून मैदानाची माती होती. त्यानं तांब्या घेतला आणि बालाजीच्या हातावर पाणी घातलं. धार जराही हलली नाही. बालाजीनं मात्र हात पुरते पुढं केले नाहीत आणि निम्मं पाणी भुईवर सांडलं. आईनं पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. "दिगूभाऊ, बसा की संगं," बालाजी म्हणाला. दादा बसला. त्यानं अर्धी पोळी खाल्ली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "एक सांग. तुम्हा लोकांना उजवा पाय कसा सापडला?" मी तुपाची वाटी घेऊन उभी होते. बालाजीनं घास गिळला. म्हणाला, "अंदाजानं मारलं, भाऊ." दादा म्हणाला, "चौघांचा अंदाज एकच?" मी आत गेले, पोटात कळ आली म्हणून सांगितलं आणि जात्याच्या कोपऱ्यात तोंड दाबून रडले. आईला वाटलं पोरगी सामन्यासाठी रडते. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "खेळच हाय तो, बाई."

चार दिवसांनी दादा लोह्याकडे गेला. अण्णा त्याला स्टँडवर सोडायला गेले नाहीत, कोर्टात काम आहे म्हणाले. पॅड आणि स्टिक तो बरोबर घेऊन गेला. पुढं दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा बघितलं, वाड्याच्या कुंपणाला एक भगदाड होतं, त्यातून शेळ्या आत यायच्या, ते दादानं दोन्ही पॅड आडवे खोचून बुजवलं होतं. पावसानं त्यांचं कापड कुजून आतल्या वेताच्या काड्या दिसत होत्या. मला बघून म्हणाला, "काय करून राहिलीस? ये, शेंगा खा." एवढंच. पुढच्या हिवाळ्याआधी उस्ताद स्वतः गावी गेले होते. एक वर्ष अजून खेळ, मी अण्णांशी बोलतो, म्हणाले. दादा त्यांना म्हणाला, "उस्ताद, माझा उजवा पाय मेला. त्यात दम न्हाई. लोकाला दिसतंय, मलाच दिसत न्हाई." आणि त्याला ते खरंच वाटायचं. किती वर्षं तो रोज त्या धडधाकट पायाला करडईचं तेल चोळायचा. हाडवैद्याकडे जाऊन आला. हाडवैद्यानं पाय दाबून सांगितलं, काही नाही. दादा म्हणाला, त्याला समजत नाही. माझ्या लग्नानंतर आई मला हे पत्रातून कळवायची आणि मी पत्र घडी करून ठेवून द्यायची.

माझं लग्न लातूरला झालं, हेही नशिबाचंच म्हणायचं. तिथं शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी त्या खात्याच्या कचेरीत गेले, तर खिडकीच्या पलीकडे कपाळावर व्रण असलेला माणूस. जाड झालेला, केस पिकलेले. त्या सामन्यानंतर साहेबांनी त्याला घेतलं होतं, ते मला ऐकून ठाऊक होतं. त्यानं माझा कागद बघितला, मग मला बघितलं आणि उठून उभा राहिला. "मावशी कशा हायेत?" मी सांगितलं, गेल्या. तो बराच वेळ शिक्का शोधत राहिला, शिक्का समोरच होता. मग खिडकीशी वाकून हळू आवाजात म्हणाला, "ताई, कुणी सांगितलं ते म्या आजवर कुणाला बोललो न्हाई. संघातल्यांना बी न्हाई. मीच हेरलं म्हणून सांगितलं." त्याला वाटलं माझ्यावर उपकार करतोय. मी त्याला म्हणाले, बरं केलंत. तिथून बाहेर पडले आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की दाखला खिडकीतच राहिला. तो आणायला मी परत गेले नाही.

हे सगळं आता का लिहिते आहे ते सांगते. गेल्या संक्रांतीला मी लोह्याला दादाकडे गेले होते. वहिनी गेल्यापासून तो ओसरीवरच असतो. गुडघे गेलेत, दोन्ही. काठीशिवाय उठवत नाही. दुपारी आम्ही दोघंच होतो, शेंगा सोलत. त्याच्या नातवाचा रबरी चेंडू अंगणातून घरंगळत आला आणि त्याच्या पायाशी थांबला, उजव्या. त्यानं काठीनं तो बाजूला सारला आणि म्हणाला, "बग, हाच पाय." आणि हसला. पन्नास वर्षं होत आली आणि तो अजून त्या पायावर रुसलेला होता. मग मी सांगितलं. खांदा, खरवड, वही, उलथनं, मधला तो एक दिवस, सगळं. मधे थांबले नाही. त्यानं शेंगा सोलणं बंद केलं नाही. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही.

माझं सांगून झाल्यावर त्यानं मांडीवरची टरफलं झटकली. मी म्हणाले, "शिव्या घाल मला." तो म्हणाला, "पाहुण्याला बोललीस त्याचं काय न्हाई. लेकरू होतीस. म्या असतो तर म्या बी मिरवलो असतो." मग त्यानं काठी माझ्या हातात दिली आणि भिंतीला धरून उठला. ओसरीच्या दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला, दोन्ही हातांनी चौकट धरून. "दाव बरं," म्हणाला. मी म्हणाले, दादा, राहू दे, पडशील. तो म्हणाला, "दाव म्हणतो ना."

मी चेंडू पुढं ठेवला. काठी उलटी धरली, मूठ खाली करून, आणि मागे नेली. त्याचे डोळे चेंडूवर. आणि दादाचा डावा खांदा, कुडत्याच्या आतला हाडकुळा खांदा, बोटभर खाली गेला.

मला मारवलं नाही. काठी तशीच वर राहिली. त्यानं विचारलं, "खांदा गेला का?" मी म्हणाले, गेला. त्यानं मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे बघितलं, मग खाली उजव्या पायाकडे. त्या पायाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"त्याच दिशी रातच्याला येऊन सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर पुढल्या वर्षी उभा राहिलो असतो, सुमे. ही खोड आठ दिवसांत मोडली असती म्या. आठ दिवसांचं काम होतं."

मग त्यानं हात पुढं केला आणि काठी परत मागितली.